घोडे उतरवून ठेवलेल्या बंदुका

फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर जुनं धोतर पसरलेलं होतं आणि त्यावर अकोल्याची बंदूक तीन भागांत उघडून ठेवली होती. दोन्ही नळ्या एका बाजूला, लाकडी दस्ता दुसऱ्या बाजूला आणि नळ्यांखाली बसतो तो लाकडाचा तुकडा मध्ये. आमचे हे नगरच्या दवाखान्यातून बोलत होते. "तात्या गेले," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि बंदूक जोडली. नळ्या पुसल्या, लाकडाला तेलाचा हात फिरवला, दोन्ही घोडे अंगठ्याने हळूच उतरवले, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली... आणि मग तिथेच कपाटाला टेकून बसले आणि रडले.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून हे पाहिलं. दहाव्याला आलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, "सासरा गेला अन् ही कुलूप लावत बसली हुती." माझ्या कानावर येईल अशा बेताने सांगितलं. काकूंनी बरोबरच पाहिलं होतं. मी कुलूप लावत होते. बंदूक उघडी टाकून आधी रडणारी बाई मामांनी तयार केलेली नव्हती. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाच म्हणते. मुलं आणि गाव त्यांना तात्या म्हणायचं.

मामा नगरच्या कॅम्पात लष्कराच्या कारखान्यात फिटर होते. तिथून सुटल्यावर त्यांनी बंदूक दुरुस्तीचा परवाना काढला आणि सुप्याच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. शेतकऱ्यांच्या रानडुकरांसाठीच्या बंदुका यायच्या, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या यायच्या. ते पोटाचं काम. मामांचा जीव मात्र मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होता. त्यात सात दुनळ्या होत्या, सगळ्या शंभर वर्षांच्या वरच्या, सगळ्या घोड्याच्या. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर आत टोला मारतो तो लोखंडाचा आकडा. आताच्या बंदुकीत तो पोटात लपवलेला असतो. जुन्या दुनळीत प्रत्येक नळीमागे एक असे दोन घोडे बाहेर असतात, जनावराच्या कानांसारखे. मामा म्हणायचे, "नव्या बंदुकीच्या मनातलं कळत न्हाई. हिचं बघ. कान उभे हायेत का पाडलेत, लांबून दिसतंय. लबाडी न्हाई."

सासूबाई त्या बंदुकांना सवती म्हणायच्या. "इतक्या सवती आणल्या, अन् एकीला भाकरी थापता येत न्हाई," असं आल्या-गेल्याला सांगायच्या. त्या होत्या तोवर मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. मामांसमोर माझा पदर डोक्यावर आणि मान खाली असायची. लग्नानंतर दोन-तीन वर्षं तर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नसेन. चहाचा कप उंबऱ्यात ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या, म्हणजे ते समजायचे.

सासूबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी मामांच्या डोळ्यांना दिसेनासं होऊ लागलं. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्यात धूसरपणा राहिला. एक दिवस मी कप ठेवला, बांगड्या वाजवल्या, तर आतून म्हणाले, "पोरी, आत ये. हितं काय कोरलंय वाच." त्यांनी नळी उजेडाकडे धरली होती. मी म्हटलं, "मामा, मी चौथी शिकलेय. हे इंग्रजी हाय." ते म्हणाले, "आकडे तर येत्यात? अन् अक्षरं काय, चित्रं समज. जशी दिसतात तशी काढ कागदावर." मी काढली. त्यांनी कागद डोळ्याला चिकटवून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला बी म्हणतात. ह्याला एन." माझी इंग्रजी अक्षरं मी अशी बंदुकांच्या नळ्यांवरून शिकले. अजून मला एफ आणि जे नीट येत नाहीत, कारण आमच्या सातांपैकी कुणावर ती नाहीत.

मग काम शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, ते वर्तमानपत्रावर एकेक स्क्रू काढून ठेवायचे आणि बाहेर निघून जायचे. परत आल्यावर बंदूक जोडलेली पाहिजे. एक स्क्रू उरला तर पुन्हा सगळं उघडायचं. शाबासकी कधी दिली नाही. नुसतं "हं" म्हणायचे. तो "हं" लांबला की समजायचं, बरं झालंय. चुकलं की मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. एकदा मी लाकडावर खोबरेल तेल लावलं, जवसाचं संपलं होतं म्हणून. "आमटीत घालायची हाय का बंदूक?" म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः नगरला जाऊन जवसाचं तेल आणलं आणि बाटली उंबऱ्यात ठेवून बाहेरून कडी वाजवली, माझ्या बांगड्यांसारखी.

अकोल्याची बंदूक आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्यांना एकट्याने एसटीचा बोर्ड वाचता येत नव्हता. अकोल्यापर्यंत एसटी आणि पुढे भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला जीपने, दाटीवाटीत. भाताच्या खाचरांच्या कडेला एक घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाबांकडे आजोबांच्या वेळची दुनळी होती. बंदूक आमच्याकडे यायचे सरकारी कागद आधीच झाले होते, तरी बाबा ती सोडायला तयार होईनात. मांडीवर घेऊन बसले.

"उडवणार न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले.

"विकणार?"

"न्हाई."

"मग नेता कशाला?"

"तुमी उडवू नये म्हणून."

आतून त्यांची म्हातारी म्हणाली, "न्या हो न्या. ह्यांना एका डोळ्यानं दिसत न्हाई अन् डुकरावर नेम धरत्यात. परवा माझ्या शेळीवर धरला हुता." बाबा हसले, मामाही हसले. मग मामांनी खिशातून खडू काढून नळीला चोळला आणि बाबांना बोटाने दाखवलं. नळीवर पाण्यावरच्या लाटांसारख्या रेघा उमटल्या. जुन्या नळ्या अशाच करत, लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या दोरीसारख्या पिळून, गुंडाळून, ठोकून. दिसायला सुंदर. पण त्या नळ्या बंदुकीच्या काळ्या, हळू जळणाऱ्या दारूसाठी केलेल्या. आजचं काडतूस त्यात भरलं तर पिळाच्या जोडावर नळी उकलते. "डुकराच्या आधी तुमचा डावा हात जाईल, बाबा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मामा, ह्या बंदुका कशापायी जमवता?" माझ्या आयुष्यात मी स्वतःहून कुणाला फार प्रश्न विचारलेले नाहीत, पण तो विचारला. मामांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाच्या डाव्या हाताची तीन बोटं तुटली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मक्यात डुकरं शिरली, बंदूक फुटली, एवढंच सगळे सांगायचे. ते काडतूस मामांनी आणलं होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. नुकते कारखान्यात लागले होते, हातात पगार होता. नगरच्या दुकानातून सगळ्यांत जोरदार, नवं काडतूस मागून घेतलं आणि भावाला स्वतः भरून दिलं. "मी फिटर," म्हणाले, "लोखंडातलं मला कळायला पाहिजे हुतं. मला वाटलं जोरदार ते चांगलं." घरच्यांनी फुटलेली बंदूक विहिरीत टाकली. मामा रात्रभर जागे राहिले आणि सकाळी दोर बांधून विहिरीत उतरले. आमच्या कपाटातली पहिली बंदूक ती. डावी नळी केळीच्या सालीसारखी उकललेली.

म्हणजे मामा बंदुका जमवत होते ते असं. कुणाच्या घरी जुनी घोड्याची दुनळी आहे असं कळलं की जायचे, खडू चोळून दाखवायचे, समजावायचे. काही लोक हाकलून द्यायचे. काही जण देऊन टाकायचे. सात आल्या. आमच्या घरात एकही काडतूस कधी आलं नाही, दुरुस्तीला आलेल्या बंदुकीबरोबर कुणी आणलं तरी त्याला ते रस्त्यापलीकडे ठेवून यावं लागायचं. आणि ज्याची बंदूक त्याच्या घराचं नाव तिला कायम राहायचं. पाटलांची, अकोल्याची, मास्तरांची. खंडेनवमीला त्या घरची माणसं यायची आणि आपापल्या बंदुकीला झेंडू वाहून जायची. मी चहा करायचे. लेकीला सासरी भेटायला आल्यासारखी ती माणसं दिसायची. मामा म्हणायचे, "मी सांभाळणारा. मालक त्ये."

मामा गेल्यावर दुरुस्तीचा परवाना संपला. सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा असं पत्र आलं. आमचे हे आणि पुण्याहून आलेले भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, टेम्पोतून बंदुका घेऊन निघाले. मीही बसले. कुणी ये म्हटलं नव्हतं. ठाण्यात हवालदारांनी एकेक बंदूक उघडून पाहिली, नंबर लिहिला आणि मागच्या खोलीतल्या लाकडी फळीला उभी केली. घोडे ओढून पाहिले आणि तसेच ठेवले. सात बंदुका, चौदा कान उभे. तसं महिनोन्महिने ठेवलं तर आतल्या कमानींचा, म्हणजे स्प्रिंगांचा, जोर मरतो. मी दाराबाहेर उभी होते. मला वाटलं हे बोलतील. हे बोलले नाहीत. भाऊजी मोबाईल पाहत होते.

"साहेब, घोडे उतरवा," मी म्हटलं.

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. "काय, बाई?"

"घोडे उतरवा. असे ठेवत न्हाईत."

"रिकाम्याच हायेत ना."

"रिकाम्याच हायेत. तरी उतरवा. न्हाईतर मी उतरवते."

त्यांनी मला आत घेतलं. मी चौदाही उतरवले. अंगठ्याने, एकेक करून हळूच.

मग कागद आला. मामांनी मरणापूर्वी लिहून ठेवलं होतं की बंदुकांचं काय करायचं ते सूनबाई ठरवेल, म्हणून त्यावर माझी सही लागत होती. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सही करा अन् मोकळ्या व्हा. घरात लहान लेकरं हायेत. उद्या काय झालं म्हणजे?" भाऊजी वाईट नाहीत. त्यांची भीती खरी आहे, मलाही ती कळते. साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

"मग वाचता येतं. वाचून करा."

मी वाचला. कायद्याची भाषा अवघड होती, पण एक ओळ सोपी होती. सदर शस्त्रे नष्ट करण्यास माझी हरकत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. नष्ट करणं म्हणजे गॅसकटरने तुकडे करतात, हे मला मामांनी सांगितलेलं होतं.

"वाचलं का?" साहेब म्हणाले.

"वाचलं."

"मग करा सही."

"वाचलं म्हणूनच करत न्हाई."

बंदुका ठाण्यातच राहिल्या, आम्ही रिकाम्या टेम्पोतून घरी आलो. संध्याकाळी जेवताना भाऊजींनी विषय काढला. आमच्या ह्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला काय करायच्यात त्या?" रागाने नाही विचारलं, खरंच कळत नव्हतं त्यांना. तेव्हा मी एसटीतली गोष्ट सांगितली. काडतूस कुणी आणलं ते. दोघेही भाऊ ताटावर हात धरून बसले. ज्यांची बोटं गेली ते मोठे चुलते म्हणजे त्यांचे मोठे बाबा, त्यांच्याच खांद्यावर बसून दोघे लहानाचे मोठे झालेले. भाऊजी म्हणाले, "मग तर मोडूनच टाकायला पायजेत. इतकी वर्षं तात्यांच्या छातीवर हुत्या त्या."

मी म्हटलं, "मामांना मोडायच्या असत्या तर कटर त्यांच्याच दुकानात हुता. त्ये विहिरीत उतरले, भाऊजी."

भाऊजी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "तुमी ऐकणार न्हाई." मी म्हटलं, "न्हाई." घरातल्या मोठ्या बाईने असं बोलावं का, याचा विचार मी नंतर केला, आणि ठरवलं की बोलावं.

आता गोष्ट अशी आहे की मामांना दुकानाच्या परवान्यावर सात ठेवता आल्या, पण एरवी नियमाने एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. सून म्हणून वारसाने मला परवाना मागता येतो. तो मी मागितला आहे. डॉक्टरचा दाखला आणला, कोर्टात प्रतिज्ञापत्र केलं. प्रशिक्षणाला गेले तर मैदानात सगळे पुरुष आणि मी एकटी नऊवारीत. शिकवणाऱ्याने विचारलं, "मावशी, कधी बंदूक हातात धरलीय का?" मी म्हटलं, "उडवली न्हाई." तो पुढे काही विचारायच्या आत मी त्याच्या हातातली बंदूक उघडून, रिकामी आहे का पाहून त्याला परत दिली. अर्जात एक रकाना आहे, कोणत्या दोन शस्त्रांसाठी परवाना हवा. तो मी कोरा सोडला आहे. कारकून दर खेपेला त्यावर बोट ठेवतात. मी म्हणते, भरेन. मामांनी कधी सातातल्या दोन निवडल्या नाहीत, मीही घाईने निवडणार नाही. उरलेल्या पाचांसाठी मी जुनी घरं धुंडाळते आहे. आपापली बंदूक परत घ्या, परवाना काढा, नुसती भिंतीला ठेवा, मी दर महिन्याला येऊन तेल लावून जाईन, असं सांगते. मास्तरांची नात हो म्हणाली आहे. पाटलांच्या घरी दार उघडलं नाही. पुन्हा जाईन. ज्या बाईला चहाचा कप देताना बांगड्या वाजवाव्या लागत होत्या ती आता लोकांची दारं वाजवते, याचं हसू गावाला येत असेल तर येऊ दे.

लोक म्हणतात, बंदूक म्हणजे मारायची वस्तू, बाईमाणसाला काय तिचं प्रेम. मला बंदुकीचं प्रेम नाही. एका माणसाने एक चूक केली आणि मग जन्मभर तशी चूक दुसऱ्या घरात होऊ दिली नाही. त्याने ज्या वस्तूंवर हे काम केलं त्या वस्तू कापून भंगारात घालायच्या आणि त्याचा फोटो मात्र हार घालून भिंतीला लावायचा, हे मला पटत नाही. फोटो काय, कुणाचाही लागतो.

ठाण्यातल्या साहेबांनी, मी चार अर्ज केल्यावर, महिन्यातून एकदा बंदुका पुसायची परवानगी दिली. आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा गेले. मागच्या खोलीला एकच झरोका आहे. खाली सतरंजी टाकून बसले, हवालदार दारात खुर्ची टाकून बसले. एकेक करून सातही झाल्या. दुपार व्हायला आली. उठताना फळीच्या टोकाला एक दुनळी दिसली. माझी नव्हती. घोड्याची, जुनी, नळ्यांवर गंज चढलेला, दस्त्याला दोऱ्याने कागद बांधलेला, त्यावरची शाई उडून गेलेली. दोन्ही कान उभे.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"काय म्हाईत. लई वर्षांची हाय. कुणी न्यायलाच आलं न्हाई. पुढच्या खेपेला कापायला जाईल."

मी तिथेच परत बसले. हात पुढे केला.

"ती तुमची न्हाई, बाई."

"माझी न्हाई," मी म्हटलं. "सांभाळणारं कुणी दिसत न्हाई, म्हणून."

हवालदारांनी ती फळीवरून उचलली, उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि माझ्या मांडीवर दिली. मी आधी घोडे उतरवले. मग पिशवीतून खडू काढला आणि नळीवर चोळला. गंजाखालून लाटा वर आल्या. नळीवर पुसट अक्षरं होती. मी बोट फिरवत गेले, आर, ओ, बी... आणि मग एक अक्षर आलं जे मला येत नव्हतं. मी कागद मागून घेतला आणि ते दिसलं तसं काढून आणलं.